मुलांसोबत घरच्या घरी केलेल्या वस्तू : आपापले अनुभव लिहावेत

काचकवड्या
काल वरच्या मजल्यावरची चिमुरडी दोन कागदी पेले आणि लांबलचक दोरा घेऊन दारात उभी राहिली, एक पेला माझ्या हातात देऊन "कानाला लावा हं" असे बजावत जिन्याच्या वळणाआड गेली आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. मला अर्थातच काही ऐकू आले नाही, कारण दोरा कठड्यावर टेकला होता. पण त्या पेल्यामुळे मला माझे वडील आठवले. आम्हां बहिणींसाठी त्यांनी पत्र्याच्या दोन रिकाम्या डब्यांचा असाच टेलिफोन केला होता. खिळ्याने तळाला भोक पाडून, डब्यांच्या धारदार कडा हातोडीने आतल्या बाजूला ठोकून त्यांनी त्या आधी स्वतःच्या अंगठ्यावर तपासल्या होत्या. दोरा ताणलेला हवा आणि वाटेत तो कशालाही टेकता कामा नये, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. ऐकू येईनासे झाले की आम्हीच मागे सरकत गेलो आणि ते आमच्या ध्यानात आले. बोलण्याने डब्याचा तळ थरथरतो, ती थरथर ताणलेल्या दोऱ्यातून पलीकडच्या तळापर्यंत पोहोचते आणि तो तळ तिथली हवा हलवतो, हे पुढे शाळेत शिकवले गेले तेव्हा आम्हां दोघींना त्यात नवे काही वाटले नाही.

लहान मुले असलेल्या घरांत असे काय काय केले गेले, ते वाचायला आवडेल. विकतच्या तयार संचांविषयी येथे लिहू नये, ही विनंती. मूल साधारण किती वर्षांचे होते आणि त्यातले किती काम त्याने स्वतः केले, एवढे सांगितले तर इतरांना उपयोग होईल.

मधली सुट्टी
मीठ घातलेल्या पिठाचा गोळा. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि जवळपास एक वाटी पाणी, तेही एकदम न ओतता थोडे थोडे. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती आणि मळण्यापासून सगळे तिनेच केले. तिला काही आकार करायचे नव्हते, तिला फक्त ठसे उमटवायचे होते. बटण, कंगव्याचे दात, बुटाचा तळ असे जे हाताला लागेल ते ती दाबून पाहत होती. किल्लीचा ठसा उमटल्यावर तिने किल्ली शेजारी ठेवली, दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले आणि "ही किल्ली तिकडे बघते आहे" असे जाहीर केले. ठसा उलटा येतो हे मी तिला याहून चांगल्या शब्दांत सांगू शकले नसते.

वाळवण्यासाठी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड थापू नये, कारण वरून कोरडे दिसले तरी आत ओल राहते आणि मग तडे जातात. ओव्हन असल्यास सुमारे १०० अंश सेल्सिअसवर दोन-तीन तास ठेवावे, नसल्यास हवेशीर जागी काही दिवस उलटसुलट करत राहावे. घरात कुत्रा असेल तर हा गोळा त्याच्या आवाक्याबाहेर ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण त्यातले मीठ त्याच्या जिवावर बेतू शकते.

सुईदोरा
वाळवायचे नसेल, नुसते खेळायचे असेल तर त्याच मिश्रणात पाणी थोडे वाढवून दोन चमचे तेल घालावे आणि मंद आचेवर ते भांड्याच्या कडा सोडेपर्यंत ढवळत राहावे. ढवळण्याचे काम मोठ्यांनी करावे आणि कोमट झाल्यावर मळण्याचे मुलांनी. घट्ट झाकणाच्या डब्यात हा गोळा कित्येक आठवडे मऊ राहतो. रंग पाण्यातच मिसळावा. शेवटी घातला तर तो गोळ्यापेक्षा हातांना अधिक लागतो. आमच्याकडे सकाळी चार रंगांचे गोळे असतात आणि दुपारपर्यंत त्यांचा मिळून एक राखाडी गोळा होतो. मुलाला त्याचे काहीही वाईट वाटत नाही. वाईट फक्त मलाच वाटते.

दुपारचा बाबा
खोके.

एवढेच लिहून थांबणार होतो, पण धागाकर्तीने वय विचारले आहे म्हणून सांगतो : दोन आणि पाच. कपडे धुण्याच्या यंत्राचे खोके घरी आले तेव्हा आम्ही उत्साहाने त्याला खिडक्या कापल्या, दारावर घंटा रंगवली, छपराला उतार दिला; आणि धाकट्याने या सगळ्या कारागिरीकडे पाठ फिरवून आत जाऊन झाकण ओढून घेतले, कारण त्याला घर नको होते, अंधार हवा होता. मोठीने मात्र त्याच खोक्याचे आधी जहाज केले, मग दवाखाना, आणि शेवटी पुठ्ठा मऊ पडल्यावर घसरगुंडी. पुठ्ठा कापण्याचे काम मोठ्यांचेच आहे, परंतु कुठे कापायचे त्या रेघा मुलांना मारू द्याव्यात, असे मी सुचवीन. पुठ्ठ्यातल्या नागमोडी थराची दिशा पाहून कापले तर दार सरळ दुमडते, नाहीतर ते वेडेवाकडे मोडते.

सुईदोरा
@दुपारचा बाबा, आतून झाकण ओढून घेणारा आमच्याही घरी आहे. आपल्याला सहानुभूती.

रिकामा तास
मक्याचे पीठ, म्हणजे कॉर्नफ्लोअर, दोन भाग आणि पाणी एक भाग. हळूहळू बोट बुडवले तर द्रवासारखे आत जाते, बुक्की मारली तर दगडासारखे लागते. मूठ आवळली की गोळा होतो आणि मूठ उघडली की तो बोटांमधून ओघळून जातो. चार वर्षांच्या भाचीने हे अखंड एक दुपारभर केले आणि तिचे वडीलही शेजारी बसून तेच करत होते. पिठाचे कण पाण्यात तरंगत असतात. जोर अचानक लागला की ते एकमेकांत अडकतात आणि सावकाश लागला की त्यांना बाजूला सरकायला वेळ मिळतो. खेळ संपल्यावर हे मिश्रण मोरीत ओतू नये, ते नळीत बसून पाणी तुंबवते. ताटात पसरून वाळू द्यावे आणि भुकटी केरात टाकावी.

पांढरा कोट
लेखन आवडते आहे, परंतु व्यवसायामुळे काही गोष्टी सांगणे भाग आहे. तीन वर्षांखालील मुलासमोर मणी, बटणे आणि सुके दाणे ठेवू नयेत. टॉयलेट पेपरच्या गुंडाळीच्या पोकळ नळीतून जी वस्तू आरपार जाते ती या वयासाठी लहान समजावी. न फुगवलेले किंवा फुटलेले फुगे आठ वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकतात, म्हणून फुग्यांचे सगळे प्रयोग मोठ्यांच्या डोळ्यांसमोरच व्हावेत. बटणाच्या आकाराची बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते, आणि एकाहून अधिक छोटी ताकदवान चुंबके पोटात गेली तर ती आतड्याला मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात. अशा वेळी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. कागद, पुठ्ठा, दोरा, कापूस आणि पाणी एवढ्या साहित्यावर बालपण उत्तम जाते.

मधली सुट्टी
@पांढरा कोट, आभार. बटणाचा ठसा घेताना बटण मीच धरले होते, हे लिहायचे राहून गेले.

निवृत्त पण व्यस्त
बुटांच्या खोक्याच्या एका अरुंद बाजूला टाचणीने भोक पाडावे, समोरची बाजू कापून तिथे पातळ कागद ताणून चिकटवावा, आणि तो कागद आपल्याकडे ठेवून डोक्यावरून जाड पांघरूण घ्यावे. भोक उन्हातल्या झाडाकडे धरले की कागदावर झाडाचे चित्र उमटते, रंगांसह आणि पाने हलतानासुद्धा. फक्त ते उलटे असते. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून शेंड्याकडून आलेला किरण भोकातून खाली उतरतो आणि बुंध्याकडून आलेला वर चढतो. हे मी सहा वर्षांच्या नातवाला कागदावर रेघा काढून समजावले. तो शांतपणे ऐकत होता. मग "आजोबा, तुम्ही खोका धरा" असे म्हणून तो भिंतीला पाय लावून डोक्यावर उभा राहिला आणि चित्र सरळ दिसते असे त्याने मला तिथूनच कळवले.

खोक्याने सूर्याकडे पाहू नये, ही सूचना मुलांना आधीच द्यावी. भोक जितके बारीक तितके चित्र रेखीव, पण तितकेच अंधूक. म्हणून पांघरुणात कंजूषपणा करू नये.

काचकवड्या
डोक्यावर उभा राहिलेला नातू वाचून घरात सगळे हसले. असेच अनुभव हवे होते.

पाटी-पेन्सिल
मी बालवर्गाला शिकवते. फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली, जिला पुढे त्यांनीच किंडरगार्टन हे नाव दिले, आणि तिथे मुलांच्या हाती दिलेली पहिली वस्तू म्हणजे लोकरीचे रंगीत चेंडू होते. त्यांच्या पद्धतीत आणखी एक काम असे : भिजवलेले वाटाणे आणि बारीक काड्या. वाटाण्यांत काड्या खुपसून आकार करायचे आणि ते ठेवून द्यायचे. वाटाणे सुकताना आक्रसतात आणि काड्या घट्ट धरून ठेवतात. गोंद लागत नाही. वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी लहानपणी बालवर्गात अशाच वाटाण्या-काड्यांतून त्रिकोणांचा सांगाडा उभा केला होता. त्यांची नजर फार अधू होती आणि तेव्हा चष्मा मिळालेला नव्हता, म्हणून त्यांनी डोळ्यांपेक्षा हातांवर विसंबून, दाबल्यावर काय टिकते ते पाहिले. पाच वर्षांपुढची मुले हे सहज करतात. चौकोन बोटाने ढकलला की लचकतो, त्रिकोण ढकलला तरी जागचा हलत नाही, हे त्यांना एकदा कळले की पुढे त्यांच्या सगळ्या घरांना तिरप्या काड्या येऊ लागतात.

एक आग्रहाचे मत : करून ठेवलेला नमुना मुलांसमोर ठेवू नये. नमुना दिसला की वीस मुले तोच करतात आणि एकविसावे "मला येत नाही" म्हणून बसून राहते.

भिंगरीवाला
@पाटी-पेन्सिल, पहिल्या भागाशी सहमत, दुसऱ्याशी नाही. माझा मुलगा शेवट दिसल्याशिवाय सुरुवातच करत नाही. त्याला तयार वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहावी लागते, शक्यतो मोडावी लागते, आणि मगच तो स्वतःची करायला बसतो. मी नमुना देतो, पण मोडण्यासाठी देतो.

काड्यांवरून अरविंद गुप्ता यांची आठवण झाली. त्यांनी १९७० च्या दशकात आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून असेच सांगाडे केले आणि पुढे आयुष्यभर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवली.

आता माझ्या भिंगरीविषयी. जाड पुठ्ठ्याची चकती, तिच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर एकेक भोक आणि त्यांतून ओवून गाठ मारलेला दोरा. चकती गरगर फिरवून दोऱ्याला पीळ द्यावा आणि मग दोन्ही हातांनी ताण द्यावा, सैल सोडावा, पुन्हा ताण द्यावा. सैल केव्हा सोडायचे हे सांगून येत नाही. हातांना ते एकाएकी कळते, आणि त्यानंतर चकती गुणगुणू लागते. मुलाने चकतीवर लाल आणि निळे पट्टे रंगवले होते, ते फिरताना जांभळट दिसू लागले तेव्हा त्याने दोरा सोडून दिला आणि पट्टे तपासायला घेतले. याच खेळण्याच्या तत्त्वावर स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताचे घटक वेगळे करणारे कागदी यंत्र तयार केले आणि २०१७ साली ते प्रसिद्ध केले. ते मिनिटाला सुमारे १,२५,००० फेऱ्यांपर्यंत फिरू शकते आणि त्याला वीज लागत नाही.

पाटी-पेन्सिल
मोडण्यासाठी नमुना देण्याची कल्पना मी उद्याच वर्गात करून पाहणार आहे. माघार म्हणा हवी तर.

दुपारचा बाबा
एक विचारायचे आहे. या सगळ्या निर्मितीचे पुढे करायचे काय? आमच्याकडे फडताळाचा एक कप्पा भरला आहे आणि काही टाकायला गेलो की त्याच वस्तूवर मुलीचे प्रेम उफाळून येते, जी तिने महिनाभर पाहिलेलीही नसते.

सुईदोरा
आमच्याकडे एकच फळी आहे. नवे ठेवायचे असेल तर जुने काय काढायचे ते मूल ठरवते आणि काढलेल्या वस्तूचे सुटे भाग पुन्हा साहित्याच्या टोपलीत जातात. वस्तूपेक्षा त्या टोपलीवरच त्याचा जीव अधिक आहे, हे हळूहळू लक्षात आले.

रिकामा तास
सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी : कागदाची लांब पट्टी घ्यावी, एका टोकाला अर्धा पीळ द्यावा आणि टोके चिकटवावीत. मध्यातून लांबीभर कापल्यावर दोन कडी मिळतील असे सगळे म्हणतात. मिळते एकच, दुप्पट लांबीचे. कडेपासून एक तृतीयांश अंतर राखून कापत गेल्यास एक मोठे आणि एक लहान अशी एकमेकांत अडकलेली दोन कडी हाती येतात. म्योबियस आणि लिस्टिंग या दोन गणितज्ञांना १८५८ साली स्वतंत्रपणे ही पट्टी गवसली होती. कापण्याआधी प्रत्येकाचा अंदाज लिहून घ्यावा, घरातल्या मोठ्यांचासुद्धा, आणि मोठ्यांचा आधी.

नवी आई
मुलगा अडीच वर्षांचा आहे. कागदाचा लगदा करून वाडगे करायचे होते, पण फुग्यावर चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यांना बुरशी आली आणि वास सुटला. कोणी उपाय सांगू शकेल का?

मधली सुट्टी
@नवी आई, एका वेळी दोन-तीनच थर लावावेत आणि ते पूर्ण वाळल्याशिवाय पुढचे लावू नयेत. बुरशी आतल्या ओलीमुळे येते. पिठाच्या खळीत चमचाभर मीठ घातल्यानेही फरक पडतो. तुकडे कात्रीने कापण्यापेक्षा हाताने फाडलेले बरे, त्यांच्या विसविशीत कडा एकमेकांत मिसळून जातात, आणि फाडणे हे अडीच वर्षांच्या मुलाला सोपवता येण्याजोगे काम आहे. फुग्याऐवजी वाडगेच पालथे घालून त्यावर तेलाचा हात फिरवावा, म्हणजे वर सांगितलेली फुग्याची काळजीही उरणार नाही.

नवी आई
आभार. फाडण्याचे काम सुरू झाले आहे, त्यात आजचे न वाचलेले वर्तमानपत्रही गेले.