शेवग्यात बसून 'टिस्ली' म्हणणारं हे कोण?

गच्चीवरची (सातारा)
नमस्कार मंडळी. परवा पितृपक्षातल्या नवमीला कावळ्यासाठी घास ठेवायला गच्चीवर गेले. कावळा काही फिरकला नाही, पण शेजारच्या शेवग्यातून 'टिस्ली... टिस्ली' असा बारीक, टोचणारा आवाज यायला लागला. अर्धा तास मान वर करून उभी होते. पान हललं म्हणून बघावं, तर स्वारी पुढच्या फांदीवर गेलेली. दिसलं ते एवढंच: चिमणीहून लहान, पाठ हिरवट, पोट मळकट पांढरं. मर्लिनला (आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप) ऐकवलं, तर एकदा एक नाव, एकदा दुसरं आणि मध्येच खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी. घरात विचारलं तर "चिमणी असेल". उन्हाळ्यात हा आवाज नव्हता, हे शपथेवर सांगते. मे महिनाभर याच गच्चीवर मी कुरडया राखत बसते. शिवाय कंपाउंडच्या घाणेरीत कोणीतरी 'टक्, टक्' करतंय. दोन्ही एकच का?

जुना_सांगलीकर
ताई, एक नाही, दोन पाहुणे आलेत.

शेवग्यातला तो हिरवट वटवट्या, म्हणजे ग्रीनिश वॉर्बलर. वजन साधारण पाच रुपयांच्या नाण्याएवढं. उन्हाळ्यात हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला वीण करतो आणि पाऊस ओसरायला लागला की आपल्याकडे उतरतो. तेव्हा झाडं किड्यांनी भरलेली असतात, त्यामुळे पाहुण्यांची पंगत तयारच. ही लहान मंडळी बहुतेक रात्रीचा प्रवास करतात. म्हणून काल मुकं असलेलं झाड आज सकाळी बोलायला लागतं.

आता दुर्बीण बाजूला ठेवा. मी सुरुवातीची दोन वर्षं रंग शोधण्यात घालवली आणि मानेचा पट्टा लावून बसलो. या वटवट्यांना रंग नसतोच म्हटलं तरी चालेल. आधी आवाज कुठून येतो ते ठरवा: वर पानांत, मधल्या फांद्यांवर की खाली झुडपात. मग नजर एकाच फांदीवर ठेवून थांबा, तो फिरून येतो. भुवई ठळक, फिकट आणि पंखावर एक बारीक पांढरी रेघ. रेघ झिजली असेल तर दिसायची नाही, म्हणून भरवसा कानावर.

घाणेरीतला 'टक् टक्' हा ब्लिथचा वटवट्या, ब्लिथ्स रीड वॉर्बलर. अंगावर ना रेघ ना ठिपका, नुसता मातकट. नाव पाणवठ्याच्या बोरूचं (रीड), पण हिवाळ्यात पाण्यापासून लांब, आपल्या कुंपणातसुद्धा राहतो.

करडा धोबी पक्षी गणपतीच्या आगेमागे ओढ्यावर आलाच असेल, तोही बघून ठेवा. नंतर 'टर्रर्र' ऐकू आलं आणि शेपटी वर उचलणारा कोणी दिसला, तर शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं आहे का बघा. असेल तर लाल छातीचा माशीमार. लाल छाती शोधू नका, ती मोठ्या नरांनाच असते.

पेठेतला
वटवट्या स्थलांतरित असतो ही नवीन माहिती. आमच्या सोसायटीत बारमाही आहेत.

तांपेरेहून
मी फिनलंडमध्ये असतो. हा 'टक् टक्'वाला आमच्याकडे मे अखेरीस पोचतो. जूनमध्ये रात्री एक वाजता रानाच्या कडेला उभं राहा, हा गात असतो. अंधार तसाही पुरता होत नाही. एकच तान पाच-सहा वेळा घोळवणार, मध्येच दुसऱ्या पक्ष्याची नक्कल करणार. ऑगस्टमध्ये झुडपं गप्प होतात. इथले बरेच लहान पक्षी आफ्रिकेकडे जातात, हा मात्र आग्नेयेला वळून भारतात. कोल्हापूरला आईकडे फोन केला की कधीकधी मागे 'टक्' ऐकू येतं आणि उगाच वाटतं, आपल्याच गल्लीतला आहे. बिचारा तिकडे गात नाही एवढंच.

जुना_सांगलीकर
गातो की! एप्रिलमध्ये परतायच्या आधी झुडपात गुणगुणतो. फक्त तेव्हा आपण आंब्याच्या भावात गुंतलेले असतो.

माळावरचा
एक विनंती. शेवग्यातल्या वटवट्याला बाहेर काढायला मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवू नका. तो आपली झाडं वाटून घेऊन राहतो, आवाज ऐकला की दुसरा कोणी घुसला समजून तडफडत येतो. एवढ्या लांबून आलेल्या जिवाला खाऊ द्या.

गच्चीवरची (सातारा)
काका, रेघ दिसली! एकाच फांदीवर नजर ठेवून बावीस मिनिटं बसले. तो आला, पानाखालून अळी ओढली, 'टिस्ली' म्हणाला आणि गेला. आवाज वाजवलेला नाही, दादा.

घाणेरी दसऱ्याआधी तोडायचं सोसायटीत ठरलं होतं. सेक्रेटरींना सांगितलं, फिनलंडकडचे पाहुणे उतरलेत. ते म्हणाले, मग मेंटेनन्स कोण भरणार? पण तूर्त कोयता थांबलाय. आज सकाळी सहा पन्नासला सासूबाईंनीच हाक मारली, "तुझा पाहुणा उठला गं." दिनदर्शिकेवर नवमीच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली, 'टिस्ली' लिहून ठेवलंय.