झीन, झाइन की हस्तलिखित? घरी अंक काढताना लागणारे शब्द

नमस्कार मंडळी, एक शंका आहे, खरंतर तीनचार आहेत. घरात आम्ही लहानमोठे सगळे मिळून एक छोटंसं झाइन काढायचं म्हणतोय, हातानेच लिहायचं, चित्रं काढायची, कोडी, आजोबांची एखादी आठवण असं सगळं, आणि मग त्याच्या प्रती काढून नातेवाइकांना द्यायच्या. तर याला मराठीत नेमकं काय म्हणावं? आजोबा म्हणतात हस्तलिखित म्हणा, शाळेत तेच म्हणायचे. मोठी मुलगी म्हणते झाइन म्हणजे झाइन, त्याला मराठी शब्द नाही. बरं उच्चार तरी झाइन आहे का झीन? आणि एका कागदाचं आठ पानी होतं असं सगळीकडे सांगतात, पण मोजली तर पानं चारच भरतात, हे काय गौडबंगाल आहे?

* * *

उच्चार झीन. आपण मॅगझीन म्हणतो, मॅगझाइन कोणी म्हणत नाही, आणि हा शब्द त्याचंच शेपूट आहे, त्यामुळे झीन लिहिलं की प्रश्न मिटला. नुसतं 'जीन' मात्र लिहू नका, कारण जीन म्हणजे घोड्याचं खोगीर आहे, पँटचं कापड आहे, कापसातली सरकी काढायचा कारखाना आहे आणि शरीरातला जनुक पण आहे, त्या गर्दीत आणखी एक नको.

* * *

वरच्यांनी शेपूट म्हटलंय ते बरोबरच आहे, पण त्या शेपटाची गोष्ट मोठी छान आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. इंग्रजीतला मॅगझीन हा शब्द मुळात अरबी 'मख्झन' वरून आला, मख्झन म्हणजे कोठार, साठवणीची जागा. म्हणून दारूगोळ्याच्या कोठाराला पण मॅगझीन म्हणतात आणि बंदुकीत गोळ्या भरायच्या भागालाही. १७३१ साली लंडनमध्ये 'जंटलमन्स मॅगझीन' नावाचं नियतकालिक सुरू झालं, म्हणजे नाना विषयांच्या मजकुराचं कोठार, आणि तिथून तो अर्थ रुळला. आणि आता गंमत बघा, आपल्याकडे जो 'खजिना' शब्द आहे तो पण त्याच अरबी धातूवरून आलाय. म्हणजे खजिना आणि झीन हे लांबचे का होईना, पण एकाच घरातले शब्द आहेत!

मधला टप्पा विज्ञानकथांच्या चाहत्यांचा. अमेरिकेत १९३० साली शिकागोच्या एका पत्रमंडळाने 'द कॉमेट' नावाचं नियतकालिक काढलं, ते अशा चाहत्यांच्या नियतकालिकांमधलं पहिलं धरतात. तेव्हा फॅनझीन (फॅन म्हणजे चाहता, त्याचं मॅगझीन) हा शब्दच नव्हता, 'फॅनमॅग' म्हणायचे, फॅनझीन शब्द १९४० मध्ये अशाच एका चाहत्याने वापरला आणि तो टिकला. पुढे फॅन पण गळालं आणि उरलं नुसतं झीन, कारण मग लोक कोणाचे चाहते म्हणून नाही तर आपापल्या मनातलं काहीही लिहून वाटायला लागले. हे मुद्दाम सांगतेय कारण अर्थ लावताना कामाला येतं: झीनमध्ये लिहिणारा, चित्रं काढणारा, छापणारा आणि वाटणारा ही सगळी एकच माणसं असतात, मध्ये कोणी प्रकाशक नसतो आणि त्यातून पैसे मिळवायचा हेतू नसतो.

* * *

मग आजोबांचं हस्तलिखित काय चुकीचं आहे? तेही हातानेच, तेही बिनपैशाचं.

* * *

चुकीचं अजिबात नाही, सगळ्यात जवळचा शब्द तोच आहे. पण मला त्यात एक अडचण वाटते. शाळेतलं हस्तलिखित म्हणजे जाड पुठ्ठ्यात बांधलेला एकच अंक, सुंदर अक्षरवाल्या मुलांकडून लिहून घेतलेला, आणि मग तो कपाटात जायचा, बघायचा असेल तर कपाट उघडायला लावायचं. एकच प्रत. झीनचा जीव मात्र प्रतींमध्ये आहे. दहा का होईनात पण प्रती निघाल्या पाहिजेत आणि त्या कोणाच्या तरी हातात गेल्या पाहिजेत. शिवाय जुन्या पोथ्यांना पण हस्तलिखितंच म्हणतात आणि लेखक प्रकाशकाकडे देतो त्या बाडालाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला भलतंच वाटू शकतं.

'अनियतकालिक' हा दुसरा शब्द. तो मराठीत लिटल मॅगझीनवाल्यांमुळे, म्हणजे प्रस्थापित मासिकांबाहेर आपले छोटे अंक काढणाऱ्या लेखक-कवींमुळे रुजला, १९५० च्या दशकात मुंबईत निघालेलं 'शब्द' हे सायक्लोस्टाइलवर काढलेलं होतं, म्हणजे हाताने यंत्र फिरवून, आणि त्यानंतर साठच्या दशकात अशी बरीच निघाली. काढण्याची पद्धत झीनसारखीच, स्वतःच लिहा, स्वतःच काढा, जमेल तेव्हा काढा. पण तो शब्द वाङ्मयीन भांडणांचा आहे हो, त्याला एक धार आहे, सहा वर्षांच्या मुलाने काढलेल्या मांजराच्या चित्राला अनियतकालिक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. 'भित्तिपत्रक' भिंतीवर लागतं, 'पत्रक' वाटलं तरी त्यात काहीतरी सूचना असते, 'पुस्तिका' मला सरकारी माहितीपुस्तिका वाटते. तर माझं मत असं की वस्तूचं नाव झीनच ठेवा आणि ती बनवताना जे जे लागतं त्याला मात्र आपले शब्द वापरा, कारण ते सगळे मराठीत आधीपासून आहेत आणि फार नेमके आहेत.

* * *

पान आणि पृष्ठ! यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय, मूळ प्रश्नातलं गौडबंगाल तिथेच आहे. पान म्हणजे वाचताना आपण उलटतो ते, त्याला दोन बाजू, आणि पृष्ठ म्हणजे त्यातली एक बाजू. बोलताना आपण 'पान नंबर पाच' म्हणतो तेव्हा खरंतर पृष्ठ पाच म्हणायचं असतं. त्यामुळे 'आठ पानी' झीन म्हणजे आठ पृष्ठांचं, आणि हातात धरून मोजलं तर पानं चारच. घरी मुलांना काम वाटून देताना हा फरक आधी सांगून टाका, नाहीतर एकाला 'दोन पानं तुझी' म्हणता आणि तो चार बाजू भरून आणतो आणि मग कोणाचं तरी चित्र कापावं लागतं आणि रडारड होते.

एका कागदाचं करायचं असेल तर कागद आडवा धरून घड्या घालून आठ चौकोन करायचे, ए फोर असेल तर प्रत्येक चौकोन ७४ बाय १०५ मिलिमीटरचा होतो. खालच्या ओळीत डावीकडून मलपृष्ठ, मुखपृष्ठ, मग २ आणि ३. वरच्या ओळीत डावीकडून ७, ६, ५, ४, पण ही ओळ उलटी लिहायची. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे आठही पृष्ठांचं डोकं मधल्या लांब घडीकडे. मग त्या मधल्या घडीवर काप द्यायचा, पण पूर्ण नाही, दोन्ही टोकांचे चौकोन सोडून फक्त मधल्या दोन चौकोनांएवढा. आता मजकूर बाहेर राहील अशी लांबीत घडी घालून दोन्ही टोकं आत ढकलली की वरून बघताना अधिकचं चिन्ह दिसतं, मग मुखपृष्ठ बाहेर राहील अशी पानं मिटली की झालं पुस्तक, ना पिन ना दोरा. काप द्यायचं काम मोठ्या माणसाने केलेलं बरं, कारण तो जरा जास्त गेला की टोकाच्या पानाची वरची घडी फाटते.

* * *

आणि यात कागदाची एकच बाजू दिसते, दुसरी पूर्ण आत जाते! म्हणजे पाठकोरे कागद. किती सुंदर शब्द आहे हा, ज्याची पाठ कोरी तो पाठकोरा, आणि नव्या पिढीला तो माहीतच नाही, 'वन साइड' म्हणतात. कच्ची प्रत करायला घरातले पाठकोरे कागद काढा, छापील बाजू आत लपते. पक्क्या प्रतीला मात्र कोरा घ्या आणि आतल्या बाजूवर एक मोठं चित्र काढा, ज्याला सुचेल तो उलगडून बघेल.

* * *

वा, एवढं सगळं! पान-पृष्ठ तर लगेच घरात सांगितलं. आता पुढची शंका. आठ पृष्ठांत आमचं मावत नाहीये, सोळा करायची म्हणतोय, मग एका कागदाचं होणार नाही ना, आणि दोन पृष्ठांवर मधेच मोकळ्या जागा राहतायत त्यांचं काय? त्या जागेला काही शब्द आहे का?

* * *

आहे ना, पानपूरक! मासिकांमध्ये लेख संपल्यावर उरलेल्या जागेत जो विनोद किंवा चारोळी किंवा छोटं चित्र टाकतात ते पानपूरक. आणि घरच्या झीनमध्ये ही जागा सगळ्यात लहान माणसाला द्यावी असं मला मनापासून वाटतं, त्याला अख्खं पृष्ठ दिलं तर त्याचा दम निघतो पण एवढीशी जागा 'ही तुझी' म्हटली की तो तिथे जीव ओततो. ज्याला अजून लिहिता येत नाही त्याने बोलायचं आणि दुसऱ्याने जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, त्याची वाक्यं नीट करायची नाहीत.

सोळासाठी चार कागद घ्या, प्रत्येक मधोमध दुमडायचा आणि एकात एक घालायचे, एका कागदाची चार पृष्ठं होतात म्हणून एकूण संख्या नेहमी चारच्या पटीत ठेवायची. कुठलं पृष्ठ कुठे येतं यात सगळे गोंधळतात, त्याला एक साधा हिशोब आहे: कागदाच्या एका बाजूवर शेजारी शेजारी येणाऱ्या दोन पृष्ठांची बेरीज एकूण पृष्ठांपेक्षा एकने जास्त. सोळाचं असेल तर १७, म्हणजे १६ शेजारी १, २ शेजारी १५, १४ शेजारी ३, असं करत शेवटी ८ शेजारी ९, आणि सम आकडा कायम डावीकडे. पाढे शिकणाऱ्या मुलाला हे काम द्या, आवडतं. ८ आणि ९ हे एकच दोन पृष्ठं अशी आहेत की जी समोरासमोर येतात आणि एकाच कागदावर सलग असतात, म्हणून दोन पृष्ठांवर पसरणारं मोठं चित्र तिथेच टाकायचं, दुसरीकडे टाकलंत तर मधे जोड दिसतो.

आणि चारी बाजूंनी समास सोडा, समास म्हणजे व्याकरणातला नव्हे, कडेची कोरी जागा. झेरॉक्स मशीन कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही, त्यामुळे निदान एक सेंटिमीटर सोडा आणि घडीच्या बाजूला थोडा जास्त.

* * *

झेरॉक्स हा शब्द आला म्हणून. ते कंपनीचं नाव, आपण ते नाम करून टाकलंय, 'दोन झेरॉक्स काढ'. मूळ ग्रीक झेरोस म्हणजे कोरडं. आधीच्या पद्धतींत शाई, जेली, ओले कागद असायचे, ही पद्धत कोरड्या पुडीची म्हणून ते नाव. पहिली अशी प्रतिमा चेस्टर कार्लसन या अमेरिकन संशोधकाने १९३८ साली उमटवली. कामाची गोष्ट म्हणजे काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सला फिकट निळी पेन्सिल सहसा दिसत नाही, म्हणून ओळी आखायला आणि कच्ची रेघ मारायला तीच वापरतात आणि वरून काळ्या पेनने पक्कं करतात. फिकट पिवळा रंग पण उडून जातो, मुलांनी सूर्य पिवळा रंगवला तर कडा काळ्या करायला सांगा.

* * *

बांधणीचे शब्द राहिले. घडीवर मधोमध पिना मारतात त्याला छापखान्यात सेंटर पिन म्हणतात. साधा स्टेपलर तिथपर्यंत पोचत नाही, म्हणून मला दोऱ्याची शिवण जास्त आवडते. घडीवर तीन भोकं पाडा, सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत, मग आतल्या आत मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि आत जो लांब टाका दिसतो त्याच्यावरून गाठ मारा. इथे 'टाका', 'शिवण', 'गाठ' सगळे शिवणकामातले शब्द जसेच्या तसे चालतात, आणि घरात ज्या कोणाला शिवण येते त्या माणसाला यात आपसूक मान मिळतो, मला ही बाजू फार मोलाची वाटते कारण एरवी लिहिणारे-चित्र काढणारेच पुढे असतात.

* * *

मुलांचं शुद्धलेखन सुधारून छापायचं का? या चर्चेत येणाऱ्या सगळ्यांचा जीव त्यावर अडकलेला असणार म्हणून विचारतो.

* * *

माझं मत ठाम आहे, विचारल्याशिवाय सुधारू नये. मुलाला दाखवा, 'हे असं लिहितात, बदलायचं का?' तो हो म्हणाला तर त्याने स्वतः बदलावं, नाही म्हणाला तर राहू द्यावं. संपादन म्हणजे दुसऱ्याच्या मजकुरावर हात फिरवणं नव्हे, काय कुठे जाईल आणि काय राहून जाईल ते ठरवणं. शेवटी मलपृष्ठावर छोटी श्रेयनामावली टाका, कोणी लिहिलं, कोणी रंगवलं, कोणी घड्या घातल्या, प्रती कोणी मोजल्या. घड्या घालणाऱ्याचं नाव हमखास विसरतात.

* * *

शेवटचं व्याकरणाचं. मॅगझीन आपण ते मॅगझीन म्हणतो, म्हणून ते झीन, नपुंसकलिंगी. आणि रूप पीक सारखं चालवता येईल, पीक – पिकात – पिकं, तसं झीन – झिनात – झिनं. आज 'झिनात' ऐकायला विचित्र वाटतं हे खरं, म्हणून 'झीनमध्ये' लिहिलंत तरी कोणी हरकत घेणार नाही, पण 'झीन्स' नको, ते पँटीकडे जातं.

* * *

त्याला जोडून एक. मुखपृष्ठावर 'अंक १ला' लिहायचा मोह होतो, पण अंक म्हटलं की मालिका आली, दुसरा कधी असं लोक विचारणार आणि मुलांना ते ओझं होणार. नाव लिहा, तारीख लिहा, खाली प्रतीचा नंबर हाताने घाला, 'प्रत ३, एकूण १२' असा. दुसरं निघालंच तर त्याचं नाव वेगळं ठेवता येईल.