उंचीवरचे मिश्रण : कार्बोरेटर आणि इंजेक्शन

कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून ते इंजिनाला देणारा भाग, रस्त्याच्या कडेलाही उघडून साफ करता येतो, म्हणून लांबच्या प्रवासाला तोच भरवशाचा, हे मत दुरुस्तीपुरते खरे आहे. पण उंच घाटात तो कसा वागतो, हेही पाहायला हवे. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तिथला दाब कमी होतो आणि त्या फरकामुळे जेटमधून, म्हणजे बारीक छिद्राच्या तोटीतून, पेट्रोल ओढले जाते. समुद्रसपाटीपासून ३००० मीटरवर हवेची घनता सुमारे पाव हिश्शाने घटते, पेट्रोल मात्र त्या प्रमाणात घटत नाही, त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण साधारण १५ टक्क्यांनी वाढते. इंजिनाची ओढ मंदावते, प्लग काळा पडतो. लहान मुख्य जेट बसवला तर फरक पडतो, परंतु खाली उतरल्यावर तोच राहिला, तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापते, आणि हा धोका मला अधिक गंभीर वाटतो.

कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारून देणाऱ्या इंजेक्शनमध्ये दाबाच्या आणि तापमानाच्या सेन्सरवरून ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारे संगणकासारखे यंत्र) हवेचा हिशेब करते आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी झडप) किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ठरवते. ही सोय मला निर्णायक वाटते.

बॅटरी पूर्ण उतरल्यास इंधनपंप चालत नाही, हे मान्य. किक असलेल्या कार्बोरेटरच्या कित्येक गाड्या अशा वेळीही सुरू होतात. म्हणून इंजेक्शनची गाडी वापरणाऱ्याने बॅटरी जपावी आणि टाकी वारंवार तळाला जाऊ देऊ नये, कारण टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो.