'टीव्ही दगड' म्हणून घेतलेले यूलेक्साइट खरे कसे ओळखावे? आणि लोणारमध्ये असे खनिज का नाही?

खडेगोळा:

सर्वांना नमस्कार. गेल्या दिवाळीत एका खनिज प्रदर्शनातून मी पांढरा, रेशमी झाक असलेला, काड्यापेटीहून थोडा मोठा असा एक चौकोनी दगड विकत घेतला. विक्रेत्याने तो वर्तमानपत्रावर ठेवून दाखवला, तेव्हा खालची अक्षरे कागद सोडून दगडाच्या वरच्या पृष्ठावर येऊन बसल्यासारखी दिसली. सोबतच्या चिठ्ठीवर 'यूलेक्साइट, बोरेट वर्ग' (म्हणजे बोरॉन व ऑक्सिजन असलेले खनिज) एवढेच लिहिलेले होते. महिन्याभराने दगडावर धूळ बसली म्हणून मी तो गरम पाण्यात साबण घालून धुतला आणि तासभर त्याच पाण्यात राहू दिला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो वरचे पृष्ठ निस्तेज झालेले आणि अक्षरे धुक्यातून पाहावीत तशी पुसट! एका मित्राच्या मते हे साधे जिप्सम असून माझी फसवणूक झाली आहे. दुसऱ्याच्या मते ती काचतंतूंची नक्कल आहे.

दगड न फोडता घरच्या घरी खात्री कशी करावी, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न भूशास्त्राचा आहे. बोरेट खनिजे कोरड्या प्रदेशातील, बाहेर वाट नसलेल्या खाऱ्या तळ्यांत तयार होतात असे वाचले. माझे आजोळ मेहकरचे, त्यामुळे लोणारचे सरोवर लहानपणापासून पाहिलेले आहे. तेही बंदिस्त आहे, खारे आहे, अल्कधर्मी आहे; मग तेथे बोरॅक्स किंवा यूलेक्साइट का सापडत नाही?

अश्मक:

आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण दुसऱ्या भागात आपण नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. आधी पहिल्या भागाचे पाहू.

यूलेक्साइट हे सोडियम आणि कॅल्शियम यांचे जलयुक्त बोरेट आहे. त्याच्या सूत्रात सोडियम व कॅल्शियम यांचा प्रत्येकी एक अणू, बोरॉनचे पाच अणू आणि जुन्या पद्धतीने लिहिल्यास पाण्याचे आठ रेणू येतात. वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे ४३ टक्के बोरॉन ऑक्साइड असते. त्याचे नाव गेओर्ग लुडविग उलेक्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञावरून पडले. काठिण्य सुमारे २.५, म्हणजे नखाच्या जवळपास. जिप्समचे काठिण्य २ असल्यामुळे नखाने ओरखडून या दोहोंतला फरक ठरवायला जाऊ नये. शिवाय तंतुमय खनिजात नख तंतूंच्या मध्ये शिरते आणि दगड आहे त्याहून मऊ भासतो. सुईचा उपयोग मात्र होतो. कडेच्या, न दिसणाऱ्या बाजूवर सुईने हलकेच रेघ ओढून पाहावी. काच असेल तर सुई घसरेल, यूलेक्साइट किंवा जिप्सम असेल तर रेघ उमटेल.

खरा निवाडा घनता करते. यूलेक्साइटची सापेक्ष घनता (म्हणजे पाण्याच्या किती पट जड) सुमारे १.९६ आहे, जिप्समची २.३ आणि काच तर त्याहूनही जड. सोनाराकडे असतो तसा लहान काटा मिळाल्यास आधी दगडाचे कोरडे वजन करावे. मग गार पाण्याची वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, दगड दोऱ्याला बांधून तळाला किंवा कडेला न टेकता पूर्ण बुडेल असा पाण्यात लोंबता धरावा आणि काट्यावर दिसणारा आकडा लिहून घ्यावा. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागले की सापेक्ष घनता मिळते. पाणी गारच घ्यावे आणि दगड अर्ध्या मिनिटात बाहेर काढून पुसावा, कारण आपला अपघात नेमका तेथेच झाला आहे. यूलेक्साइट गार पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण गरम पाण्यात थोडेफार विरघळते. तासाभरात गेला तो केवळ पृष्ठावरचा पातळ थर असणार. पण या दगडाची सगळी किमया त्याच गुळगुळीत पृष्ठावर अवलंबून असते.

ती किमया अशी. दगडात केसांहून बारीक तंतुस्फटिक एकमेकांना समांतर, खच्चून भरलेले असतात. शिरेच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ते सरळ वाढलेले असतात आणि दगड त्यांच्या लांबीला काटकोनात कापून दोन्ही तोंडे घासून चकचकीत केलेली असतात. खालच्या अक्षरावरून निघालेला प्रकाश ज्या तंतूत शिरतो त्याच तंतूत पूर्ण आंतरिक परावर्तन होत होत, म्हणजे कडांवरून आतच उलटत, वर येतो. शेजारच्या तंतूंची लांबीची दिशा एकच असली तरी त्या अक्षाभोवती ते वेगवेगळ्या कोनांतून वळलेले असल्यामुळे त्यांच्या सीमेवर अपवर्तनांक (प्रकाशाला वळवण्याचे प्रमाण) बदलतो आणि प्रकाश तंतूतच कोंडला जातो. प्रत्येक तंतू एकेक ठिपका वर पोचवतो आणि त्या ठिपक्यांचे चित्र वरच्या तोंडावर बनते. तोंड खरखरीत झाले की वर आलेला प्रकाश अखेरच्या क्षणी विखुरतो. तंतुमय जिप्सममधूनही अक्षरे वर आल्याचा भास होतो, पण अक्षराच्या कडा तशा रेखीव राहत नाहीत. दगड तंतूंच्या दिशेला समांतर कापला तर चित्र मिळत नाही, त्याऐवजी मांजराच्या डोळ्यासारखी फिरती रेघ दिसते. बाजारात त्यालाही सर्रास 'टीव्ही दगड' म्हणतात, याची मला गंमत वाटते.

एक सोपी युक्ती सांगतो. निस्तेज झालेल्या तोंडावर पारदर्शक चिकटपट्टी हवेचे बुडबुडे न ठेवता दाबून बसवा. पट्टीचा गोंद बारीक खाचा भरून काढतो. त्याचा अपवर्तनांक यूलेक्साइटच्या बराच जवळ असतो, त्यामुळे अक्षरे पुन्हा उमटायला हवीत.

आता लोणार. बोरेटांचा साठा तयार होण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बाहेर वाट नसलेले खोरे, पावसापेक्षा कितीतरी अधिक बाष्पीभवन, आणि बोरॉनचा सतत चालणारा पुरवठा. पहिल्या दोन गोष्टी जगात शेकडो ठिकाणी आहेत, म्हणून मीठ आणि सोडा शेकडो ठिकाणी सापडतो. तिसरी दुर्मीळ आहे. समुद्राच्या पाण्यातसुद्धा दहा लाख भागांत बोरॉनचे जेमतेम साडेचार भाग असतात. तो एकवटतो तो सिलिकायुक्त ज्वालामुखीच्या राखेतून आणि ज्वालामुखीय प्रदेशातल्या उष्ण झऱ्यांतून. पश्चिम तुर्कस्तानात बिगादिच, एमेत, केस्तेलेक आणि किर्का येथे मायोसीन काळातील (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) तळ्यांमध्ये असेच झाले आणि आज जगातले सर्वांत मोठे साठे तेथे आहेत. अँडीज पर्वतातील सालारांमध्ये, म्हणजे खाऱ्या कोरड्या तळ्यांमध्ये, ही क्रिया आजही चालू आहे आणि तेथे यूलेक्साइट पृष्ठभागाजवळच मिळते.

लोणारचे विवर दख्खनच्या बेसाल्टमध्ये उल्काघाताने झालेले आहे. बेसाल्टमध्ये बोरॉन दहा लाखांत काही भागच असतो, आणि तेथे तो आणून सोडणारा ज्वालामुखीय उष्ण झराही नाही. बेसाल्ट झिजून सोडियम भरपूर सुटते, म्हणून तेथे सोडा आणि मीठ साचले. 'दल्ला', 'पापडी' अशा नावांनी ते क्षार पूर्वी काढलेही जात. थोडक्यात, लोणारला कढई आहे, चूल आहे, पण भांड्यात घालायला जिन्नस नाही.

मूसभट्टी:

अश्मक सरांच्या उत्तरात माझ्या व्यवसायाची थोडी भर घालतो. आमच्या घरी तीन पिढ्या सोनारकाम आहे. बोरॅक्स म्हणजे आमचा टाकणखार. काही जण त्याला सवागी म्हणतात. यूलेक्साइटचा हा सख्खा भाऊ, फक्त यात कॅल्शियम नाही, निव्वळ सोडियम आहे, आणि म्हणूनच तो पाण्यात सहज विरघळतो. डाख लावताना सांध्यावर टाकणखार लावतात, कारण वितळलेला टाकणखार धातूवरचा ऑक्साइडचा थर स्वतःत विरघळवून घेतो आणि डाख स्वच्छ धातूला धरतो.

यातील पाणी कसे वागते ते आमच्या कामात डोळ्यांनी दिसते. कच्चा टाकणखार लावून ज्योत दिली की तो पांढरा होऊन फुगतो, आणि बारीक दागिन्यात तेवढ्या हालचालीनेही डाखेचा कण जागचा सरकतो. म्हणून वडील तो आधी लोखंडी पळीत तापवून त्याची लाही करून ठेवीत. फुगण्याचे कारण त्यातले दहा रेणू पाणी. न तापवताही हे पाणी जाते: काचेसारखे स्वच्छ खडे उघड्या डब्यात राहिले तर काही दिवसांत त्यांच्यावर खडूसारखी पांढरी साय धरते. दहापैकी पाचच रेणू उरले की होणाऱ्या त्या पदार्थाला खनिजशास्त्रात टिंकलकोनाइट म्हणतात. या नावाच्या मुळाशी 'टिंकल' आहे आणि 'टिंकल'च्या मुळाशी आपले संस्कृत 'टंकण'. तिबेटातील तळ्यांवरचा माल शतकानुशतके हिमालयाच्या घाटांतून खाली येत असे आणि पुढे युरोपापर्यंत जात असे, त्याबरोबर शब्दही गेला. लडाखमध्ये पुगा खोऱ्यातही टाकणखार मिळतो, असे ऐकून आहे.

अश्मक:

बरोबर ऐकले आहे. पुगा खोरे सुमारे ४,४०० मीटर उंचीवर आहे. तेथील पाणी त्या उंचीवरच्या उत्कलनबिंदूला, म्हणजे सुमारे ८४ अंशांना, जमिनीतून बाहेर पडते आणि आसपासच्या मातीवर बोरॅक्स व गंधकाची पुटे चढतात. लोणारच्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर नाही: दोन्ही ठिकाणी क्षार आहेत, पण पुग्याला खालून बोरॉन येतो. महाराष्ट्रात बोरॉन अगदीच नाही असेही समजू नये. मुंबईत मालाड–कांदिवलीच्या जुन्या खाणींतून फिकट हिरवट डॅटोलाइटचे सुरेख स्फटिक निघालेले आहेत. मात्र ते कॅल्शियमचे बोरोसिलिकेट आहे, बाष्पीभवनाने साचलेले बोरेट नव्हे. बेसाल्टमधल्या पोकळ्यांत गरम पाण्यातून ते वाढले.

मोहावी:

मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहते. मोहावी वाळवंटातील बोरॉन या गावाची उघडी खाण काठावरून पाहिली आहे, म्हणून अश्मक सरांना एक शंका विचारते. त्या साठ्याच्या खालीही बेसाल्टच आहे. मग बेसाल्टवर बोरेट साचत नाही असे कसे म्हणता येईल?

तेथील रचना मात्र पाहण्यासारखी आहे. मायोसीन काळातील त्या तळ्याच्या मधोमध बोरॅक्स, त्याभोवती यूलेक्साइट आणि सर्वांत बाहेर कोलेमनाइट, असे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पट्टे आहेत. कोलेमनाइट हे निव्वळ कॅल्शियमचे बोरेट, काठिण्य ४.५, म्हणजे या घराण्यातले बऱ्यापैकी टणक.

'डेथ व्हॅली'त यूलेक्साइटचे वेगळेच रूप आहे. तेथे ते कोरड्या तळ्याच्या चिखलात कापसाच्या बोंडासारख्या मऊ गोळ्यांत मिळे. १८८० च्या दशकात चिनी मजूर हे गोळे वेचत, ते सोड्यासह उकळून बोरॅक्स काढत आणि तो वीस खेचरांच्या गाड्यांतून १६५ मैल दूरच्या रेल्वे स्थानकावर नेत. उन्हाळ्यात काम बंद ठेवावे लागे, कारण हवा इतकी तापे की द्रावण स्फटिक धरण्याइतके थंडच होत नसे.

अश्मक:

शंका रास्त आहे, आणि चूक माझ्या वाक्याची आहे. बेसाल्ट तळाशी असण्याला हरकत नाही. तो बोरॉनचा पुरवठादार होऊ शकत नाही, एवढेच मला म्हणायचे होते. बोरॉन गावी बेसाल्टने तळ्याला बशी दिली, जिन्नस उष्ण झऱ्यांनी आणला. आपण सांगितलेल्या पट्ट्यांचे कारणही झऱ्यांच्या पाण्यातच आहे. मध्यभागी सोडियम आणि बोरॉन यांचे दाट पाणी होते. कडेने येणारे ओढे आणि भूजल कॅल्शियम आणत. जेथे दोन्ही भेटले तेथे दोन्ही धातू असलेले यूलेक्साइट झाले. खडेगोळा यांच्या दगडासारखे सरळ तंतूंचे यूलेक्साइट मात्र चिकणमातीतल्या भेगांमध्ये, शिरांच्या रूपात वाढते. कापसाच्या गोळ्यांतले तंतू आडवेतिडवे असल्यामुळे त्यांतून एकही अक्षर वर येणार नाही.

खडेगोळा:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल ओळखीच्या सराफाकडून काटा आणला. कोरडे वजन ४७.३ ग्रॅम भरले, आणि पाण्यात लोंबता धरल्यावर आकडा २४.२ आला. भागाकार १.९५. जिप्सम असते तर आकडा साडेवीसच्या आसपास यायला हवा होता. सुईची रेघही कडेला स्पष्ट उमटली, म्हणजे काच नाही.

चिकटपट्टीचा प्रयोग रात्री केला. पहिल्यांदा बुडबुडे राहिले आणि नेमके त्या ठिकाणी अक्षरांना भोके पडल्यासारखी दिसली. दुसऱ्यांदा नीट दाबून बसवली, तेव्हा पंचांगातली बारीक तिथी-नक्षत्रेसुद्धा वर आली. पट्टी कायम ठेवावी की पृष्ठ पुन्हा घासून घ्यावे?

अश्मक:

पट्टीचा गोंद वर्षभरात पिवळा पडेल, म्हणून घासून घेणे बरे. काचेच्या सपाट तुकड्यावर अतिशय बारीक पॉलिश कागद ठेवून, दगड कोरडाच, हलक्या हाताने गोल फिरवा आणि शेवटी सीरियम ऑक्साइडची पूड अगदी थोड्या ओलसर कापडावर घेऊन जिल्हई द्या. यापुढे धूळ फक्त मऊ कुंचल्याने झाडा.