भाषा एक म्हणजे एकी?

मिस्सा (कॅथलिकांची चर्चमधली मुख्य उपासना) जगभर लॅटिनमध्येच राहिली असती तर चर्चमध्ये आज इतके तट पडले नसते, असं काही जण म्हणतात, ते नाही पटत. केरळच्या सिरो-मलबार चर्चचं बघा, भाषा एक, परंपरा एक, तरी २०२१ मध्ये त्यांच्या सिनडने (बिशपांच्या सभेने) मिस्सेच्या काही भागात पाद्रींनी लोकांकडे आणि काही भागात वेदीकडे तोंड करायचं ठरवलं तर एर्नाकुलमला एवढा वाद पेटला की २०२२ च्या शेवटी तिथली बॅसिलिका (मुख्य चर्च) बंद ठेवावी लागली.

आणि लॅटिन काही गेलेली नाहीय हो, निदान आमच्या गोव्यात तरी. मे महिन्यात वाड्यावरच्या (वस्तीतल्या) खुरसाकडे, म्हणजे क्रूसाकडे, लदीन (लॅटिनमधली गायची प्रार्थना) असते, व्हायोलिन वाजतं, जुनी माणसं पुस्तक न बघता सूर धरतात, पोरं मागून 'ओरा प्रो नोबिस' (आमच्यासाठी प्रार्थना कर) म्हणतात, मग कोंकणी गीतं, मग उकडलेले चणे. आमच्याकडे पाळी दर वर्षी वेगळ्या घराची, चणे-सोऱ्याचा (दारूचा) खर्च त्या घराचा, आणि जमिनीवरून कोर्टात गेलेले भाऊसुद्धा त्या संध्याकाळी येतातच, कारण न येणं वाड्याला खपत नाही. ही एकी रोमहून पत्रक काढून येणारी नाही, असं मला मनापासून वाटतं.