'सई' नावाचा अर्थ, उगम आणि कागदोपत्री स्पेलिंग

ऋतुगंध:
मुलीचं नाव 'सई' ठेवायचं जवळजवळ ठरलं आहे, बारसं पुढच्या आठवड्यात. काही शंका आहेत. कुणी अर्थ 'मैत्रीण' सांगतं, कुणी 'आठवण', तर एका पुस्तिकेत 'सती'चं रूप म्हणून दिलंय. नेमकं काय? साईबाबांच्या 'साई'शी नात्यातला शब्द आहे का? पत्रिकेप्रमाणे अक्षर 'स' आलंय, ते चालेल ना? आणि दाखल्यावर इंग्रजीत कसं लिहावं, म्हणजे पुढे तिची 'साई' होणार नाही?

बोरू:
अर्थ मैत्रीणच. मूळ संस्कृत 'सखी'. प्राकृतात दोन स्वरांमध्ये आलेल्या ख, घ, थ, ध यांचा 'ह' होतो. 'लिख्'वरून आपलं लिहिणं आलं, 'दधि'चं दही झालं, 'मैथुन'वरून मेहुणा. त्याच वाटेने सखीची 'सही' झाली. महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत, म्हणजे सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या संग्रहात, बायका एकमेकींना 'सहि' अशी हाक मारतात. पुढे मराठीत तो मधला 'ह' गळला आणि 'सई' उरली. बोलताना 'नाही'चं 'नाई' होतं, तसंच.

'सती'चा घोळ होतो त्यालाही कारण आहे. प्राकृतात स्वरांमधला 'त' आणि 'च'सुद्धा गळतो. त्यामुळे सती, शची आणि शती या तिन्हींचं प्राकृत रूप 'सई'च होतं. गंमत म्हणजे गाथासप्तशतीचं मूळ नाव 'गाहा सत्तसई'. त्यातली सई म्हणजे शती, शंभरांचा समूह! म्हणून नुसत्या उच्चारावरून अर्थ ठरवू नये, वापर बघावा. मराठीत 'सये', 'सयांनो' ही हाक जात्यावरच्या ओव्यांत आणि बायकांच्या फेराच्या गाण्यांत सोबतिणीलाच घातलेली असते. पतिव्रतेला कुणी 'सये' म्हणत नाही. माझ्या मते इथे वाद संपतो.

'आठवण' हा अर्थ 'सय' या वेगळ्या शब्दाचा, 'सय येणे' मधला. तो 'स्मृति'वरून आला. त्याचं अनेकवचन 'सयी' कानाला सईसारखंच लागतं, तिथून ही सरमिसळ झाली.

'साई'चा संबंध नाही. स्वामी, सामी, साईं अशी त्याची परंपरा. धनी, मालक असा अर्थ, आणि पुरुषवाचक.

काळीशाई:
व्यक्तिनाम म्हणून सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी सईबाई. फलटणच्या नाईक-निंबाळकरांच्या घरातल्या. १४ मे १६५७ला पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला आणि ५ सप्टेंबर १६५९ला राजगडावर सईबाई गेल्या. त्यांची समाधी गडाच्या पायथ्याला पाल गावात आहे. त्यांच्या एका मुलीचं नाव सखुबाई. म्हणजे आई 'सई', लेक 'सखू', आणि दोन्ही नावं एकाच 'सखी'ची! एकीत शब्द प्राकृतातून झिजून आलेला, दुसरीत संस्कृत 'ख' शाबूत. संत सखूचं नावही ह्याच कुळातलं.

यातलं 'बाई' हे मानार्थी जोडलेलं पद. मूळ नाव सई एवढंच. तेव्हा आजची सई म्हणजे जुन्या नावाचं लाडकं, तोकडं रूप नाही. पूर्ण नाव आहे ते.

अर्जफाटा:
स्पेलिंगकडे जरा नीट लक्ष द्या. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. दाखल्यावर एक आणि इतरत्र दुसरंच असं झालं की प्रत्येक खिडकीवर अडवतात.

'एस-ए-आय' जास्त रुळलेलं आहे. सई परांजपे, सई ताम्हणकर दोघी तसंच लिहितात. पण ही तीन अक्षरं संगणकाला दिली की तो देवनागरीत 'साई' करतो, आणि परप्रांतातला माणूस मुलगा समजतो. 'एस-ए-वाय-ई-ई' वरून 'सयी' होतं. मी 'एस-ए-डबल ई' सुचवेन. त्यात 'साई' होण्याची शक्यता सगळ्यात कमी.

आधारची नोंदणी करताना इंग्रजी नाव टाकलं की शेजारी मराठी आपोआप उमटतं. चूक तिथेच होते. ऑपरेटरला पडदा तुमच्याकडे वळवायला सांगा आणि मराठीचा रकाना हाताने दुरुस्त करून घ्या. पावतीवर दोन्ही लिप्या वाचल्याशिवाय खुर्ची सोडू नका, कारण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

आणि घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नावाचा रकाना तेव्हा रिकामा ठेवता येतो. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. स्पेलिंग पक्कं होऊ द्या, मग अर्ज करा.

ऋतुगंध:
खूप आभार. 'डबल ई' नक्की. अक्षराचं कुणी सांगेल का? आणि 'सइ' की 'सई'?

बोरू:
दीर्घच. मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इ-कार दीर्घ लिहायचा हा नियम. बारशाला ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहिताना 'ई'च्या डोक्यावरचा रफारासारखा आकडा हमखास राहतो किंवा दाणे सरकून बुजतो, आणि फोटोत कायमचं 'सइ' दिसतं. तांदूळ पातळ पसरा, अक्षरं मोठी काढा, आकडा सगळ्यात शेवटी काढा.

विभक्तीत नाव बदलत नाही: सईला, सईने, सईची. 'सये' ही हाक मैत्रिणीची. मुलीला हाक मारताना 'सई'च.

काळीशाई:
'स' चालेल. शततारका नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं गो, सा, सी, सू, आणि रास कुंभ. ऱ्हस्व 'स' त्यातल्या 'सा'मध्येच धरतात, तेव्हा दुसरा चरण. तुमच्या पत्रिकेत चरण वेगळा असेल, तर पाळण्यातलं नाव त्या अक्षराचं ठेवा आणि व्यवहारात सई.