घनीकरण म्हणजे थिजणं की दाटणं?

भाचीचं एम.एस्सी.चं प्रोजेक्ट चालू आहे, कॉम्प्युटरवर तांब्याचे अणू वितळवायचे, परत गार करायचे आणि ते रांगेत कसे बसतात ते बघायचं. त्यावर मराठीत छोटा लेख लिहिलाय, काल मला वाचायला दिला आणि मी पहिल्याच पानावर अडलो. 'घनीकरण' शब्द सॉलिडिफिकेशनलाही (रसाचा घन पदार्थ होणं) वापरलाय आणि डेन्सिफिकेशनलाही (घनता वाढणं). घन पदार्थही घनच आणि घनतेतलाही घनच, त्यामुळे चूक तिची म्हणता येत नाही, पण वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. दोन वेगळे शब्द आहेत का?

भोसरीकर: आमच्या फाउंड्रीत घनीकरण कोणी बोलत नाही, 'मेटल सेट झालं' म्हणतात. पण या दोन गोष्टी एक नाहीतच. अ‍ॅल्युमिनियम सेट होताना साधारण 6 टक्के आकसतं, रायझरमधून (साच्याला जोडलेला जादा रसाचा साठा) रस पोचला नाही की आत श्रिंकेज, मशीनवर पहिला कट मारला की भोक दिसतं. बिस्मथ उलटा, सेट होताना फुगतो, मग त्याला दाटला कसं म्हणणार? आणि पावडरचे पार्ट घ्या, भुकटी दाबून वितळबिंदूच्या खालीच भट्टीत ठेवतात, दाणे टेकतात तिथे त्यांना जोडणारी मान धरते, पोकळ्या आटत जातात. तिथे थिजलं काहीच नाही, दाटलं मात्र. तेव्हा एकाला थिजणं, दुसऱ्याला दाटणं.

सदाशिव पेठ: थिजणं मस्त. मग क्रिस्टलायझेशनला, म्हणजे अणू रांगेत बसून स्फटिक होण्याला, 'रवा धरणं' का नको? कढवलेलं तूप सावकाश गार झालं की रवाळ होतं, आई पातेलं हलवू द्यायची नाही. आणि न्यूक्लिएशनला, म्हणजे स्फटिकाच्या पहिल्या सुरुवातीला, 'केंद्रकीभवन' कृपा करून लिहू नका, लेख अणूंचा आहे, वाचणारा थेट अणूच्या केंद्रकात जाऊन बसेल. 'बीज धरणं' म्हणा.

मूळ प्रश्नवाला परत: भाचीला दाखवलं. बीज तिला फारच आवडलं, कारण स्क्रीनवर तसंच दिसतं म्हणे, रसात पाच-पन्नास अणू रांगेत येतात आणि परत विस्कटतात, ठराविक आकाराच्या पुढे गेलेलं बीजच टिकतं. तिचं एक पाऊल म्हणजे एक फेम्टोसेकंद, दहा लाख पावलं चालली तेव्हा कुठे एक नॅनोसेकंद, आणि तेवढ्यात हजार डिग्री उतरवायचे! त्याहून घाई केली तर बीज धरायला वेळच मिळत नाही, सगळं काचेसारखं अस्ताव्यस्त राहतं. रव्यावर मात्र भांडली. रवा म्हणजे ग्रेन, एका तुकड्यात असे असंख्य रवे असतात, प्रत्येकाच्या रांगा वेगळ्या दिशेला, पण अख्खा तुकडाच एक स्फटिक असेल तर रवाळ कसं म्हणायचं मामा? बरोबर आहे तिचं. म्हणून स्फटिकीभवन तसंच ठेवलं, ग्रेनला रवा, आणि 'घनीकरण' सगळीकडून खोडलं.

गाईडांनी 'थिजणं'खाली लाल रेघ मारून परत पाठवलंय, तूप थिजतं तांबं नाही म्हणे. कोणाकडे काही उत्तर?